एकास बारा : चढ ही संकल्पना शिकवताना



आमच्या शाळेला रॅम्प आहे. दरवर्षी माहिती भरताना 'रॅम्प आहे का?' या रकान्यात आम्ही 'होय' लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. इतकी वर्षं मीही तेच करत आले.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी व्हीलचेअरवर येते. रोज सकाळी दोन मुलं तिची खुर्ची मागून रेटत व्हरांड्यात चढवतात. संध्याकाळी तीच मुलं खुर्ची घट्ट धरून हळूहळू खाली उतरवतात. मुलांना याची सवय झाली होती आणि मलाही. मधल्या सुट्टीत बाकीची पोरं त्याच रॅम्पवरून घसरगुंडी खेळायची. खरं तर तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एकदा समप्रमाणाचा पाठ चालू असताना तिनं मध्येच विचारलं, "बाई, सपाटीवर मी एकटी कुठंबी जाते. मग रॅम्पवर का नाय जाता येत?"

मी सहज म्हणून गेले, "अगं, तिथं चढ जास्त आहे ना."

"जास्त म्हंजी किती?"

मी गणित शिकवते, पण या 'किती'चं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. ते शोधायला वर्गाला सात तासिका लागल्या. त्या तासिकांत काय केलं, मुलं कुठं चुकली आणि मी कुठं चुकले, ते इथं लिहिते आहे.

हा घटक सातवीत कशासाठी?

'रेषेचा चढ' हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात दहावीला निर्देशक भूमितीत येतं. पण त्यासाठी लागणारं सामान त्याच्या कितीतरी आधी जमा होत असतं. सहावीत गुणोत्तर-प्रमाण होतं, सातवीत समप्रमाण, आठवीत चलन आणि नववीत निर्देशक. दहावीत पोचल्यावर मुलाच्या हातात थेट सूत्र पडतं. दोन बिंदू घ्यायचे, वजाबाक्या करायच्या, भागाकार करायचा. उत्तर बरोबर येतं, मार्कही मिळतात. पण 'हा जो आकडा आला, तो काय सांगतो?' असं विचारलं की मूल गप्प होतं. माझं मत असं, की सूत्र दहावीतच येऊ दे, पण चढ हाताला लागायला हवा तो सहावी ते आठवीत, टेप आणि खडू घेऊन.

आणि या सगळ्यात मुलाला एकच गोष्ट समजायला हवी. चढ म्हणजे उंची नाही, लांबीही नाही आणि त्या दोघांतली वजाबाकीही नाही. चढ म्हणजे दोन मापांची भागाकारानं केलेली तुलना. आडवं इतकं गेलं तर वर किती गेलं, हे सांगणारं गुणोत्तर. वाचायला सोपं आहे, पण मुलांच्या मनात ते आपोआप तयार होत नाही.

पहिली कृती : पुठ्ठ्याचे तीन उतार

साहित्य : जुन्या वहीचे पुठ्ठे, कात्री, पट्टी.

प्रत्येक गटाला तीन काटकोन त्रिकोण कापायला सांगितले.

पहिला : पाया ६ सेमी, उंची ३ सेमी.
दुसरा : पाया ९ सेमी, उंची ६ सेमी.
तिसरा : पाया २४ सेमी, उंची ८ सेमी.

त्रिकोण लगेच हातात द्यायचे नाहीत. आधी फक्त मापं फळ्यावर लिहायची आणि विचारायचं, 'कोणत्या उतारावर चढताना सर्वात जास्त दम लागेल?' प्रत्येकाला आपलं उत्तर कारणासह वहीत लिहू द्यायचं. हे लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे. तोंडी विचारलं की हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाचं उत्तर पूर्ण वर्गाचं होऊन जातं.

माझ्या वर्गात तीन प्रकारची उत्तरं आली.

एक : "तिसरा, कारण तो सगळ्यात उंच आहे." ही मुलं फक्त उंची बघतात.

दोन : "पहिला आणि दुसरा सारखेच, कारण दोन्हींत फरक ३ आहे." नीट बघा, ही मुलं दोन्ही मापं विचारात घेतात, म्हणजे एक पायरी पुढं आहेत. पण तुलना वजाबाकीनं करतात. वर्गातली सर्वात जास्त मुलं याच गटात होती.

तीन : "दुसरा, कारण पाया उंचीच्या दुप्पटसुद्धा नाही." असं लिहिणारी दोनच मुलं निघाली.

इथं आपल्या जिभेवर लगेच 'चूक' हा शब्द येतो. मी तो गिळला आणि त्रिकोण कापायला सांगितले. मग ते एकावर एक ठेवायचे, पायावर पाया आणि खालचं टोक टोकावर. ठेवल्याबरोबर दिसतं, की दुसऱ्याची तिरकी बाजू सगळ्यांच्या वर जाते, पहिल्याची मधोमध राहते आणि उंचीनं सर्वात मोठ्या तिसऱ्याची सगळ्यांत खाली. 'फरक ३ म्हणून सारखे' म्हणणारी मुलं त्रिकोण उलटसुलट करून बघत राहिली. हा गोंधळ चांगला असतो. तो पाच मिनिटं तसाच राहू द्यावा.

मग मी एकच प्रश्न विचारला. "तिन्ही उतारांवर टोकापासून आडवं ६ सेमीच गेलो, तर किती वर आलेलो असू?" मुलांनी पट्टी लावून मोजलं. पहिल्यावर ३ सेमी, दुसऱ्यावर ४ सेमी, तिसऱ्यावर २ सेमी. आता भांडण मिटलं. आडवं अंतर सारखं घेतल्यावर फक्त उंची बघितली तरी चालतं. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग सहाच कशाला? एकच सेमी घ्यायचा." त्यानं न सांगता भागाकार सुचवला होता. ३ भागिले ६, ६ भागिले ९, ८ भागिले २४. म्हणजे १/२, २/३ आणि १/३. 'चढ' हा शब्द फळ्यावर मी तेव्हाच लिहिला, त्याआधी नाही.

दुसरी कृती : खरा रॅम्प मोजणे

साहित्य : टेप, खडू, ओळंबा, दोरी आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी, म्हणजे गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती.

वर्ग अंगणात नेला. उंची मोजणं सोपं होतं. व्हरांड्याला १५ सेमीच्या तीन पायऱ्या आहेत, म्हणजे ४५ सेमी. मग आडवं अंतर. इथं गटांत वाद झाला. एका गटानं टेप रॅम्पच्या पाठीवरून तिरका ओढला आणि १८५ सेमीच्या थोडं वर माप सांगितलं. दुसऱ्या गटानं रॅम्पच्या बाजूनं जमिनीवर मोजलं, ते १८० सेमी आलं.

कोणतं घ्यायचं? 'पुस्तकात आडवं म्हटलंय म्हणून' हे कारण मुलांना पटत नाही, आणि पटूही नये. मी भिंतीकडे बोट दाखवलं. "ही भिंत म्हणजे पूर्ण उभा चढ समजा. तिरकी लांबी धरली तर भिंतीचा चढ किती येईल?" भिंतीवर तिरकी लांबी आणि उंची एकच, म्हणून चढ १. "बरं, आता भिंत राहू द्या. जिथं जितकं आडवं तितकंच वर, अशा उताराचा चढ आडव्या अंतरानं काढा." तोही १. मुलं हसायला लागली. साधा उतार आणि उभी भिंत यांना एकच आकडा कसा चालेल? म्हणून आडवंच घ्यायचं. भिंतीसाठी आडवं अंतर शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही. 'उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही' हे दहावीतलं वाक्य अंगणातल्या भिंतीनं सातवीतच सांगून टाकलं.

तर आमच्या रॅम्पचा चढ : ४५ भागिले १८०, म्हणजे १/४.

यानंतर मुलांना रॅम्पवर निरनिराळ्या ठिकाणी मोजायला लावलं. पायथ्यापासून आडवं ६० सेमी गेल्यावर उंची किती, १२० सेमीवर किती? ओळंबा आणि दोरी धरून मोजायला वेळ लागतो, पण मुलं रमतात. ६० वर १६ सेमी, १२० वर ३० सेमी आणि १८० वर ४५ सेमी आलं. "बाई, पहिलं १५ यायला पाहिजे होतं!" त्याचं उत्तर रॅम्पवर हात फिरवल्यावर मिळालं. गिलावा ओबडधोबड होता. खऱ्या मापात एखादा सेमी इकडं तिकडं होतो, हे मुलांनी एकदा पाहिलं की उत्तर खोटं जुळवायची सवय लागत नाही. मधल्याच दोन खुणा घेतल्या, ६० ते १८०, तरी आडवं १२० आणि वर साधारण ३०, म्हणजे पुन्हा १/४ च्या जवळ. सरळ उतारावर कुठूनही कुठपर्यंत मोजा, चढ तोच राहतो. चढ सगळीकडे सारखा असणं, हेच तर रेषा सरळ असण्याचं कारण.

तिसरी कृती : गाडी, फळी आणि ताणकाटा

'एकास चार' हे उत्तर मिळालं, पण मुलीचा प्रश्न अजून शिल्लक होता. एकास चार हे जास्त की कमी?

सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेसाठी आपल्याकडे जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत रॅम्पचा चढ जास्तीत जास्त १:१२ सांगितला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टातही शाळेच्या इमारतीला अडथळामुक्त प्रवेश असावा असं म्हटलं आहे. पण नियम सांगून थांबलं तर मुलाला वाटतं, बारा हा कुणीतरी ठरवलेला आकडा आहे. म्हणून प्रयोग केला.

एका लांब फळीचं एक टोक विटांवर ठेवलं. आडवं अंतर दोन्ही वेळा १२० सेमी. पहिल्यांदा उंची ३० सेमी, म्हणजे एकास चार. नंतर उंची १० सेमी, म्हणजे एकास बारा. खेळण्यातल्या गाडीत वजन ठेवून ती एकूण २ किलोची केली आणि ताणकाट्यानं वर ओढली. पहिल्या वेळी काटा अर्धा किलोच्या आसपास, दुसऱ्या वेळी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. गाडी तीच, वजन तेच, फळी तीच, पण लागणारा जोर जवळजवळ एक तृतीयांश.

यामागचं विज्ञान मोठ्या वर्गात येईल. सातवीला इतकं पुरतं, की चढ एकास चार असेल तर वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढं ओढावं लागतं, एकास बारा असेल तर साधारण बाराव्या हिश्श्याएवढं. खुर्ची आणि बसणारी मिळून ४८ किलो धरले, तर एकीकडे १२ किलो आणि दुसरीकडे ४ किलो. मी हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा ती मुलगी स्वतःच्या दंडाकडे बघत म्हणाली, "चार मी वडू शकते."

वर्गात त्यानंतर काही सांगायची गरज उरली नाही.

मुलं कुठं अडखळतात?

१) १:१२ मोठा की १:४? निम्म्या वर्गाला १:१२ जास्त चढाचा वाटतो, कारण १२ मोठा दिसतो. इथं अपूर्णांक आठवून द्यायचे. १/१२ भाकरी मोठी की १/४? यावर घाटातल्या रेल्वेचं उदाहरण छान आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना बोरघाटात रुळांचा चढ १:३७ पर्यंत आहे. म्हणजे ३७ मीटर पुढं गेल्यावर १ मीटर वर. एवढ्या चढालाही गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. आता मुलांना विचारा, आपला रॅम्प बोरघाटापेक्षा किती पट चढाचा आहे? ३७ भागिले ४, म्हणजे नऊ पटींहून जास्त. पुस्तकातलं उदाहरण विसरलं जाईल, पण 'आपला रॅम्प बोरघाटाच्या नऊ पट' हे पोरं गावभर सांगत फिरली.

२) उलटा भागाकार. उंची वर की आडवं अंतर वर? पाठ करून घेऊ नका. विचारा, 'जास्त चढाला मोठा आकडा यायला हवा ना? मग उंची वाढली की उत्तर वाढलं पाहिजे.' म्हणजे उंची अंशात. विसरलं तरी मूल स्वतः परत काढू शकतं.

३) शंभर टक्के म्हणजे उभं? चढ टक्क्यांतही सांगतात. आमचा रॅम्प २५ टक्के, एकास बारा म्हणजे साधारण ८.३ टक्के. मुलांना वाटतं १०० टक्के म्हणजे भिंतच. तसं नाही. जितकं आडवं तितकं वर, तो १०० टक्के चढ, आणि तिथं कोन ४५ अंशांचा असतो. चढ दुप्पट झाला म्हणून कोन दुप्पट होत नाही, हेही कोनमापक लावून एकदा दाखवावं.

४) गवंड्याची भाषा. 'एकास बारा' असं म्हटल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हंजी एक घमेलं सिमेंट अन् बारा घमेली वाळू?" त्याचे वडील गवंडीकाम करतात. वर्ग हसला, पण प्रश्न सुरेख होता. 'एकास सहा माल' हे गुणोत्तरच आहे. फक्त तिथं एकाच जागी दोन वस्तू मिसळतात, आणि इथं एकाच वस्तूची दोन दिशांची मापं आहेत. गवंडीकाम करणारे पालक ज्या वर्गात आहेत, तिथं चढ आधीच घरात पोचलेला असतो. मोरीला 'ढाळ काढणं', पत्र्याला ढाळ देणं, हे सगळं चढच आहे.

अंगणातून आलेख कागदावर

आता हाच रॅम्प आलेख कागदावर. एक घर म्हणजे १५ सेमी. जुन्या रॅम्पचे बिंदू (४, १), (८, २), (१२, ३). एकास बाराचा रॅम्प त्याच कागदावर : (१२, १), (२४, २), (३६, ३). दोन्ही रेषा व्हरांड्याच्या उंचीवर, म्हणजे ३ घरांवर संपतात. पण एक १२ घरांत पोचते, दुसरीला ३६ घरं लागतात. फरक एका नजरेत दिसतो.

इथून पुढं रॅम्प सोडायचा. चढ फक्त जमिनीला असतो असं मुलाला वाटत राहिलं, तर दहावीत ते पुन्हा अडकेल.

मी पाण्याच्या टाकीचं उदाहरण घेतलं. टाकीत आधीच ४० लीटर पाणी आहे आणि नळातून दर मिनिटाला १५ लीटर पडतं. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर लीटर. बिंदू (०, ४०), (२, ७०), (४, १००). मुलांनी सवयीनं भागायला सुरुवात केली. ७० भागिले २ म्हणजे ३५. १०० भागिले ४ म्हणजे २५. "बाई, चढ बदलतोय, पण रेघ तर सरळ हाय!" इथं मी स्वतः फसले होते. रॅम्प शून्यापासून सुरू होत असल्यामुळं 'उंची भागिले अंतर' एवढंच मी ठसवलं होतं. खरं तर लागतो तो वाढीला वाढीनं केलेला भागाकार. मिनिटं २ वरून ४ झाली, वाढ २. पाणी ७० वरून १०० झालं, वाढ ३०. ३० भागिले २ म्हणजे १५. हा तोच नळाचा वेग. म्हणून माझी विनंती, की शून्यापासून सुरू न होणारं उदाहरण लवकरच द्या. दहावीच्या सूत्रात दोन वजाबाक्या का आहेत, त्याचं कारण इथंच मिळतं.

मग गळक्या पिंपाचं उदाहरण. २०० लीटर भरलेलं, दर मिनिटाला १० लीटर गळतं. रेषा खाली जाते. वाढ उणे १०, म्हणून चढही उणे १०. आपल्या भाषेत याला सरळ 'उतार' म्हणतात. मराठीत दोन शब्द आहेत, गणितात शब्द एकच आणि चिन्हं दोन. आणि पाणी भरतही नसेल, गळतही नसेल, तर रेषा आडवी आणि चढ शून्य. शून्य चढ आणि 'चढ सांगता येत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आडवी रेषा आणि उभी भिंत शेजारी शेजारी काढून हा फरक नक्की बोलून घ्या.

एक सावधगिरी. दोन गटांनी टाकीचा आलेख वेगवेगळ्या प्रमाणात काढला. एकाचा कड्यासारखा उभा दिसत होता, दुसऱ्याचा जवळजवळ सपाट. 'कुणाची टाकी लवकर भरेल?' असं विचारल्यावर बऱ्याच जणांनी उभ्या आलेखाकडे बोट दाखवलं. टाकी तर एकच! रेषा किती उभी दिसते, हे कागदाच्या प्रमाणावर ठरतं. चढ किती, हे अक्षांवरचे आकडे वाचून ठरतं. वर्तमानपत्रातले आलेख बघताना मोठ्यांनाही हे उपयोगी पडेल.

पालकांसाठी

घरी वेगळं साहित्य लागत नाही. जिन्याच्या पायरीची उंची आणि रुंदी मोजायला सांगा, आणि त्यावरून जिन्याचा चढ काढायला. शेजारच्या जिन्याशी तुलना करू द्या. आजी कोणत्या जिन्यावर जास्त दमते, तेही विचारा. मोबाइल चार्ज होताना दर दहा मिनिटांनी टक्के लिहून आलेख काढायला लावा. रेषा शेवटपर्यंत सरळ राहते का, हे मुलालाच शोधू द्या. उत्तर लगेच सांगू नका.

आणि आमचा रॅम्प?

एकास बारा हवा, उंची ४५, म्हणजे आडवं अंतर ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० सेमी. मुलांनी अंगणात टेप धरला. व्हरांड्यापासून ध्वजकट्ट्यापर्यंत जेमतेम ४०० सेमी. जागाच नाही! मी मनात म्हटलं, संपलं. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, सरळ समोर कशाला न्यायचा? व्हरांड्याच्या कडंकडंनं घ्या की." आमचा व्हरांडा १२ मीटर लांब आहे. ५४० सेमीचा रॅम्प आणि वर खुर्ची वळायला १५० सेमीची सपाट जागा, एकूण ६९० सेमी. आरामात बसतं.

मुलांनी मापांसह आराखडा काढला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत स्वतः मांडला. 'रॅम्प आहे की' असं म्हणणाऱ्यांना त्यांनी फळी आणि ताणकाटा दाखवला. खर्च लोकसहभागातून निघाला. गवंडीकाम त्याच 'बारा घमेली' विचारणाऱ्या मुलाच्या वडिलांनी केलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा नवीन रॅम्प तयार होता. ती मुलगी आली, पण लगेच चढली नाही. आधी टेप मागितला. दोन मैत्रिणींना टोकं धरायला लावली आणि माप वाचलं. "बाई, ५४५ भरलं. पाच सेमी जादा."

"मग चालेल की नाही?" मी विचारलं.

सगळा वर्ग व्हरांड्यात उभा राहून हिशोब करायला लागला. छेद वाढला, म्हणजे अपूर्णांक लहान झाला. ४५/५४५ हा १/१२ पेक्षा कमीच. तिनंच निकाल दिला, "चालंल."

मग टेप मैत्रिणीकडे देऊन ती चाकं फिरवत वर आली. नेहमीची दोन मुलं सवयीनं मागं येत होती, पण त्यांना हात लावावा लागला नाही.

माहितीच्या त्या रकान्यात यंदाही 'होय' हाच शब्द जाईल. चढ किती, हे तिथं कुणी विचारत नाही. म्हणून आपणच विचारूया. तुमच्या शाळेत रॅम्प असेल तर उद्या मुलांना घेऊन तो मोजा. उंची आणि आडवं अंतर, दोनच मापं लागतात. भागाकार मुलं करतील.